मांज्यातला बाजा

लग्नाआधी पाच दिवस आम्हा मुसलमानांत मुलीला मांज्यात बसवतात. पिवळे कपडे, अंगाला हळद, तोंडावर ओढणी आणि बसायला एक कोपरा. बाहेर अंगणात पुरुषमंडळी असतात, म्हणून नवरीचा आवाज खोलीबाहेर जाता कामा नये. लोहाऱ्याच्या आमच्या घरात मला असं बसवलं तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि माझा स्वभाव आजच्याइतकाच तापट होता. गप्प बसणं म्हणजे मला शिक्षाच.

मी ती सोसत होते एका गाण्याच्या आशेवर. मांज्यात बायका ढोलकीवर जुनी गाणी म्हणत. शेवटच्या दुपारी आमची फुप्पी, म्हणजे वडिलांची बहीण, घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून लग्नाला बोलवायची. थोरल्या बहिणीच्या वेळी तिनं आमच्या अम्मीला बोलावलं होतं. अम्मी कशी चालायची, कशावर चिडायची, गप्पांच्या नादात भाकरी कशी करपवायची, सगळं त्यात होतं. अम्मी गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तिचा फोटोही नाही. माझी अम्मी तेवढ्या गाण्यात होती, आणि ते मांज्याशिवाय कधी म्हणत नसत. बहिणींत लग्नाची मी शेवटची.

पहिल्याच दिवशी नळदुर्गहून, माझ्या होणाऱ्या सासरहून, बाजा आला. नवरीला करमावं म्हणून. सोलापूरला घेतलेला, निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून सोडवून आणलेला, मोठ्या कर्ण्याचा ग्रामोफोन. सोबत सिनेमातल्या गाण्यांच्या तबकड्या. बायकांनी ढोलकी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. चार दिवस तीच तीच गाणी. त्यातली बाई कुणासाठी रडत होती कोण जाणे. आमच्या घरातलं तिला काही माहीत नव्हतं. मला त्या आवाजाचा संताप यायचा. उठून जायची सोय नव्हती.

शेवटच्या दुपारी मी हळूच म्हटलं, "फुप्पी, ते गाणं म्हणा ना."

"सासरचा बाजा हाय बाई," ती म्हणाली. "बंद केला तर त्यायला वाईट वाटंल."

तबकडी संपली. चुलतबहीण चावी द्यायला वाकली, तेवढ्यात मी गाण्याची पहिली ओळ म्हणून टाकली. चांगली मोठ्यानं.

बाहेर कुणीतरी खाकरलं. फुप्पीनं हळदीचा हात माझ्या तोंडावर दाबला, खुंटीवरची ढोलकी ओढली, आणि तो आवाज तिचाच होता असं बाहेर वाटावं म्हणून त्याच गाण्याच्या पुढच्या ओळी गळा फाडून म्हणू लागली. ढोलकीला दोन्ही हात लागतात, त्यामुळं माझं तोंड तिला सोडावं लागलं. तरी मी गप्प राहिले. करपलेली भाकरी यायची होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या सामानाबरोबर बाजाही बैलगाडीत चढला. अम्मी मला त्या दुपारी शेवटची भेटली. बाजा जन्मभर ऐकला.