बोटीतल्या बारा सीटा

तुम्हाला कोणी फुकटात अंदमान दाखवतो म्हणालं, तर तुम्ही आधी काय विचाराल? विमान किती वाजता, की काहून, म्हणजे कशासाठी?

आमच्या वामनरावांनी विमानाची वेळ विचारली. तिथेच माझं डोकं सरकलं.

वामनराव माझे शेजारी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी व्हॅन घेतली. चालवतात प्रेमिलाकाकू, साठीला आल्यावर शिकल्या. काकांना गाडी येत नाही. ते मागे बसतात आणि पत्र्यावर दोनदा टकटक करतात, तेव्हा गाडी हलते. चाळीसच्या वर काटा जात नाही. आज सावनेर, उद्या पारशिवनी, काम काहीच नाही.

काम नसताना माणूस रोज गावोगाव फिरतो, याचा नागपुरात एकच अर्थ आहे, प्लॉटची दलाली. मी तोंडावर विचारलं, "काका, कोणाची जमीन पाहून राहिले?"

"ये ना वं तू बी. बस मागं."

गेले. पकडायलाच गेले. पारशिवनीच्या अलीकडे कालव्याच्या भिंतीवर बसून आम्ही भाकर-झुणका खाल्ला. काका एका म्हाताऱ्याशी तासभर वांग्याच्या रोपांवर बोलले. सातबाऱ्याचा विषय निघेल म्हणून मी कान टवकारून बसले होते. निघाला नाही.

"एकतीस वर्षं या गावाचं नाव ओरडलो, वंदना," ते म्हणाले. "गाव काही पाहिलं नाही. बेल मीच मारायचो, अन् मलेच उतरता येत नव्हतं."

परत निघताना त्यांनी बोट फिरवून आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन. काकू म्हणाल्या, "तीनच तं हावोत, कोण राहते मागं?"

"मोजल्याबिगर बेल नाही मारत मी."

आता मैदानाचं सांगते. आमच्या लेआउटच्या मधोमध मोकळी जागा आहे, पोरं तिथेच खेळतात. सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांत यांना तिथे लग्नाचं लॉन काढायचंय. एकवीस घरं. अकरा विरोधात, दहा बाजूनं. विरोधातलं एक घर वामनरावांचं.

आणि या मे महिन्यात वामनरावांना अंदमानची सहल लागली. सेक्रेटरीचा भाचा पियुष, त्याच्या नव्या ट्रॅव्हल ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये. "कोणाले सांगू नका काका, नंबर तुमचाच लागला, लोकं जळतात," असं पियुषनं बजावलं होतं. पण काकूंच्या पोटात राहिलं नाही.

मी फाटकातच उभी राहिले. "मैदान विकलं काय काका? समुद्राच्या भावानं?"

त्यांनी बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली. "प्रेमिलानं समुद्र नाही पाहिला वं," एवढंच बोलले.

मी चार दिवस बोलले नाही. ते शुक्रवारी गेले. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला, मी कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा उचलला तो झापायलाच.

"आईक आधी," ते म्हणाले. मागे लाटांचा आवाज येत होता. "बेटावर जायच्या बोटीत बसलो. सुटायच्या आधी सीटा मोजल्या, आदत हाय. बारा. तोंडं पाहिली तं सारी आपल्याच लेआउटची. कोणी कलकत्त्याहून आलं, कोणी मद्रासहून. सहा घरं. सहाहीले सांगितलं, नंबर तुमचाच लागला."

"मंग?"

"मंग काय? सहाही मैदानवाली. लॉनवाला एक सीट नाही. तिकडं काही चालू हाय काय, पाय बरं."

मी चपला घालून सोसायटीच्या ऑफिसात पळाले. बोर्डावर पाण्याच्या टँकरचा कागद होता. तो उचलला, तर खाली नोटीस. विशेष सभा, रविवार, सकाळी दहा. विषय, मैदान.

मी समजत होते, मतं विकत घेतली. त्यांना मतं नकोच होती. माणसं समुद्रात हवी होती. सुट्टीत अर्ध्या घरांना कुलपं असतात, कोणाला शंका येणार?

माझं शिक्षण आठवी. पण सोसायटीचे नियम मी झेरॉक्स काढून पाठ केलेत. मैदानाच्या ठरावाला निदान चौदा घरं हजर लागतात. सहा अंदमानात, राहिली पंधरा. त्यातली आमची पाच. माझं सोडून चारही दारं मी वाजवली आणि सांगितलं, उद्या आपल्यातलं कोणी जायचं नाही. रविवारी दहाच घरं आली. कृष्णकांत अर्धा तास रस्त्याकडे पाहत बसले. सभा तहकूब झाली.

बुधवारी वामनराव परतले. मी चहा ठेवला. माफी मागायची पद्धत आमच्यात नाही.

"कळल्यावर लगेच काहून नाही आले?"

"चालू गाडीतून उतरते काय कोणी? ही तं बोट होती."

"कसा होता समुद्र?"

"फुकटचा होता, तरी निळाच होता," ते म्हणाले. "प्रेमिला घोटाभर पाण्यात तासभर उभी राहिली. कोणी बेल नाही मारली."

त्यांच्यावरचा माझा संशय गेला, असं लिहून देते. बोटीतल्या बाकी पाच घरांचं सांगू शकत नाही. त्यांतल्या दोन घरांत पियुष काल बेटावरचे फोटो फ्रेम करून देऊन आला, आणि आज त्या घरांतली माणसं मला पाहून दुसऱ्या गल्लीनं गेली. तहकूब सभेला चौदाची अट नसते. येतील तेवढ्यांत ठराव होतो, हात वर करून. अकरातलं एक घर जरी फिरलं तर मैदान गेलं. आणि हात मोजणार स्वतः कृष्णकांत.

म्हणून येत्या रविवारी सकाळी दहाला, ती तहकूब सभा भरेल तेव्हा, आमच्या मैदानावर या. तुम्हाला मत नाही, खुर्चीही मिळणार नाही. कडेला वामनरावांजवळ उभे राहा, आणि त्यांच्यासोबत एकेक हात तुम्हीही मोजा.