ओल्या केसांवरची इस्त्री

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण परवा एका बाईनं खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, मॅडम, वाफेनं केसांना खरंच फायदा होतो का हो? आणि मी तोंडावर नेहमीचं हसू चिकटवून म्हणाले, होतो की.

जुळे सोलापुरात माझं पार्लर आहे. पाटीवर झोकात लिहिलंय — हेअर स्पा. म्हणजे काय, तर गरम पाण्यात टॉवेल पिळायचा, डोक्याला गुंडाळायचा आणि बाईला वीस मिनिटं बसवायचं. केस दोन दिवस मऊ राहतात. बस्स. घरच्या मोरीत होणारं काम, पण इंग्रजी नाव दिलं की शिकल्यासवरल्या बायका रांगेत बसतात. त्यांना मी मनातल्या मनात लई हसायचे. आता वाटतं, हसण्यासारखं नक्की कोण होतं?

हे टॉवेल मला लक्ष्मीबाई आणून द्यायच्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला आहेत त्या. त्यांची मुलगी सुषमा. कमरेखाली शेपटा. दर रविवारी आई तेल कोमट करून तिच्या डोक्याला चोळायची, वरून गरम टॉवेल बांधायची. म्हणजे माझा स्पाच की — आणि माझ्यापेक्षा चांगल्या हाताचा.

सुषमाला बघायला पाहुणे येणार होते. केस सरळ करायला आई तिला माझ्याकडे घेऊन आली. त्या दिवशी बाहेर दोघीजणी खोळंबल्या होत्या. केस धुतले, पण पुरते वाळवले नाहीत — वाळवायला अर्धा तास गेला असता. ओल्या केसांवर इस्त्री फिरवायची नाही, हे शिकताना पहिल्याच दिवशी सांगतात. आतलं पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो. मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तरी फिरवली. चर्र आवाज झाला. पोरगी म्हणाली, मॅडम, धूर येतोय. मी म्हणाले, वाफ आहे ती, चांगली असते.

आणि मनात काय आलं, तेही सांगते — टॉवेल शिवणारीची पोर, हिला काय कळतंय.

आठ दिवसांत मायलेकी परत आल्या. लक्ष्मीबाईंच्या हातात कागदाची पुडी होती, पुडीत तुटलेले केस. शेपटा खांद्यापर्यंत आला होता. मी एक केस उचलला, उजेडात धरला, डॉक्टरीणबाईंसारख्या भुवया आक्रसल्या — काय नाटकी बाई आहे मी — आणि विचारलं, घरी तेल तापवून लावता ना? मग त्यानंच भाजले.

किती सहज बोलून गेले. लक्ष्मीबाई आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. सुषमानं आईकडे जे बघितलं, ते मला अजून दिसतं. तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. मी पुडी गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्यानंतर सुषमानं आईला कधी केसांना हात लावू दिला नाही. लग्नाच्या हळदीलाही डोक्याला तेल लावायला काकूला बसवलं. आई दाराशी उभी होती. आमंत्रण होतं, मी तिथंच होते. जेवूनही आले.

सात वर्षं झाली. लक्ष्मीबाई अजून टॉवेल आणतात. मागच्या महिन्यात गठ्ठा ठेवून जरा टेकल्या. सुषमाला मुलगी झालीय, दाट जावळाची. म्हणाल्या, "नातीच्या डोक्याला मी हात लावत न्हाय, मॅडम. माजा हातच वाईट हाय. तुमी होता म्हणून कळलं की."

मी त्यांच्याच टॉवेलला हात पुसत होते. म्हणाले, होतं असं कधीकधी.