म्हशाच्या जत्रेत उंबरा शोधताना

त्या वर्षी संक्रांत आणि पौषातली पुनव एकाच दिवशी आली. एरवी आमच्याकडे हे दोन दिवस वेगळे असतात. संक्रांत घरात होते, तुळशीपुढे आणि चुलीजवळ. पुनवेला मुरबाडच्या पुढे म्हशाची जत्रा भरते, ती ज्याला जमेल त्याने बघायची. दोन्ही एकाच दिवशी म्हटल्यावर आमच्या पाड्यातल्या बायकांची पंचाईत झाली. माझ्या आईची झाली नाही. घरचं सगळं उजाडायच्या आत उरकायचं आणि जत्रेला जायचं, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एसटीची पाटी वाचणं, औषधाच्या बाटलीवरचं वाचणं, साहेब माणसाशी बोलणं ही सगळी कामं माझ्याकडे आली होती. वाचणं मला जमायचं. बोलायची वेळ आली की मात्र मी आईच्या मागे सरकायचे.

आईला जत्रा बघायची नव्हती. तिला माझ्या ताईला भेटायचं होतं.

ताईचं लग्न आदल्या वैशाखात झालं. सासर मुरबाडच्या पलीकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्याला मानाची साडी द्यायची राहून गेली. कुणाकडून राहिली यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. वडील म्हणतात आईकडून, आई म्हणते काकांकडून, आणि काका विषय बदलतात. आत्या भरल्या मांडवातून उठून गेली. तिची समजूत घालायची सोडून वडील म्हणाले, "साडीसाठी उठलात ना, मग आमच्या दारात येऊ नका." पलीकडून उत्तर आलं, "आमी नाय येत, आणि तुमची पोरही नाय येणार." दोन्ही घरं शब्दाला पक्की निघाली. गणपती गेले, दिवाळी गेली, ताई आली नाही.

आता तिची पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला लेकीला माहेरचं वाण जातं. काळी साडी, बांगड्या, तीळगूळ आणि भरलेली सुगडं, म्हणजे कुंभाराकडची लहान मडकी. हे वाण गेलं नाही तर सासरच्या आळीत प्रत्येक बाई विचारते, "माहेरास्न काय आलं गो?" आणि मुलीला खाली बघावं लागतं. आईला रात्री झोप लागत नव्हती ती यामुळे.

आमच्या पाड्यातला एक माणूस गवत कापायला सिद्धगडच्या बाजूला जायचा. त्याने निरोप आणला. "पुनवेला ती म्हशाला येनार हाय, सासूसंगती. सासरा बैल बघनार हाय." एवढाच निरोप. किती वाजता, कुठे, काही नाही.

वडिलांना कळलं तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "देवाला चाललीस तर जा. त्यांच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाय."

"देवालाच चाललेय," आई म्हणाली. "वाटेत लेक भेटली तर डोळे मिटून घेऊ काय?"

संक्रांतीच्या पहाटे चंद्र अजून झाडांवर होता आणि अंगणात बऱ्यापैकी उजेड होता. वडिलांनी पेंढ्याची शेकोटी केली होती. थंडी इतकी की तांब्याला हात लावला की बोटं वळेनात. मला ती वेळ फार आवडते. शेकोटीच्या राखेत वालाच्या शेंगा टाकायच्या, फुटल्या की काठीने ओढून घ्यायच्या, आणि हात पोळत असताना सोलायच्या. त्या शेंगांना चव असतेच, पण अर्धी चव त्या पोळण्याची असते. आई आत तांदळाच्या भाकऱ्यांना तीळ लावत होती. तिने तुळशीपुढे आमच्या घरची सुगडं पुजली, वडिलांच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला."

"मी कडू कधी बोललो?" वडील म्हणाले. आईने आत जाऊन चुलीत लाकूड सारलं.

ताईची सुगडं एका पाटीत पेंढ्यावर नीट बसवली होती. आत ओला हरभरा, बोरं, उसाचे तुकडे, गाजर, वालाच्या शेंगा. वर फडकं बांधलेलं. शहापूरपर्यंत ती पाटी आईने मांडीवर धरली. मुरबाडच्या गाडीत उभं राहावं लागलं, तेव्हा एका म्हातारबाबांनी स्वतःहून ती आपल्या मांडीवर घेतली आणि फडक्याखालचं एक बोर खाल्लं. आईने ते पाहिलं. "खावा बाबा," ती म्हणाली, "पन मडकी सांभाळा." मुरबाडहून जत्रेच्या जादा गाड्या होत्या. म्हशाला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं.

जत्रेत पहिल्यांदा नाकाला जाणवते ती घोंगड्यांची लोकर. मग जिलेबीचं तूप, मग बैलांच्या शेणाचा वास. लाउडस्पीकरवर कुणाचं तरी पोर हरवल्याचं सांगत होते. मी आईला म्हटलं, "आपण ताईचं नाव पुकारायला सांगू या का?"

"येडी काय तू? आईस आलीय म्हणून सगळ्या जत्रेत वरडणार? सासू तिला तिथनंच परत नेईल."

मग आई घोंगडीवाल्यांच्या रांगेच्या तोंडाशी पाटी घेऊन बसली. सिद्धगडच्या पायथ्याला थंडी फार, तिथला माणूस घोंगडी बघितल्याशिवाय परत जाणार नाही, असं तिचं म्हणणं. बराच वेळ झाला. बायका येत होत्या, घोंगडी गालाला लावून बघत होत्या, भाव करून जात होत्या. त्यांत ताई नव्हती. आईने पाण्याचा घोटही घेतला नाही. पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात ती निघून गेली तर, असं तिला वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "तू इथेच बस. मी बैलांच्या बाजारात बघून येते." सासरा बैल बघणार आहे, हे निरोपातलं वाक्य मला तेव्हा आठवलं.

बैलबाजारात मी एकटी कधी फिरले नव्हते. सगळे पुरुष. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत होते आणि मधून जाणाऱ्या मुलीकडे आश्चर्याने बघत होते. दोनदा परत फिरावंसं वाटलं. मग झाडाखाली तीन बायका बसलेल्या दिसल्या. मधली ताई. तिने पदर कानामागे घट्ट खोवला होता, ती घरी असताना असं कधीच करायची नाही. बारीक झाली होती. एका बाजूला सासू, आणि दुसऱ्या बाजूला तीच आत्या.

ताईने मला बघितलं आणि उठली, पण सासूकडे बघून पुन्हा बसली.

मी दोघींच्या पाया पडले. मनात तयार केलेली वाक्यं सगळी पळाली. एवढंच बोलता आलं, "आई आलीय. ताईचं वाण आणलंय."

सासू वाईट बाई नव्हती, हे मला आज कळतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या बैलांकडे बघत म्हणाली, "कॉलेजात शिकते ना गो तू? वाण रस्त्यावर घेतात असं शिकवलं काय तिथं? वाणाला उंबरा लागतो. तुळस लागते. पाच सवाशिणी लागतात. पयल्या संक्रांतीचं वाण बैलबाजारात घेतलं तर लोक शेण घालतील तोंडात."

"तर काय," सासू म्हणाली. "आमच्या घरी आणा, आमी नाय कुठं म्हणतो?"

त्यांच्या घरी वडिलांनी जाऊ नका म्हणून सांगितलेलं. आमच्या घरी त्या येणार नव्हत्या. ताई खाली मान घालून जमिनीवरचं वाळलेलं गवत तोडत होती. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचा उंबरा मिळाला तर घ्याल का?"

आत्या हसली. "मिळव की."

"घ्याल का, ते सांगा."

सासू म्हणाली, "तुळस असली तर घेऊ."

मी जवळजवळ पळतच आईकडे गेले. ताई भेटली, हे सांगितल्यावर आई उभी राहिली, आणि अट सांगितल्यावर तिने पाटी डोक्यावर घेतली. "चल. घरं काय कमी हायेत?"

गावात त्या दिवशी घराघरात पाहुणे होते. पहिल्या घरी कुणाचं आमच्याकडे लक्षच गेलं नाही. दुसऱ्या घरी एक पुरुष म्हणाला, "जेवायचं संपलं." आम्हाला जेवायला आलेलं समजला. मी काही समजावणार तोवर त्याने दार ओढलं. तिसऱ्या दारात तुळस होती, पण तिथली बाई नुकतीच बाळंत झाली होती, सोयर होतं. मला वाटायला लागलं की आता नाही होणार. आईला विचारलं, "दमलीस?" ती म्हणाली, "दमायला येळ कुठाय? ऊन बघ कुठं गेलं."

चौथ्या घरी एक बाई ओट्यावर भांडी घासत होती. यावेळी मीच बोलले. आढेवेढे न घेता सांगितलं, की बहिणीची पहिली संक्रांत आहे, दोन घरांत बोलणं नाही, आणि थोडा वेळ तुमचा उंबरा पाहिजे.

ती राखेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. "उंबरा मागायला आलेली पयलीच बघितली मी. लोक घोंगडी ठेवायला जागा मागतात." मग आत हाक मारली, "जाऊबाई, सतरंजी आना गो. संक्रांत आली आपल्यात."

मी ताईला आणि त्या दोघींना घेऊन आले. आईने ताईला बघितलं तेव्हा दोघीही रडल्या नाहीत. आईने फक्त तिच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, "बांगड्या ढिल्या झाल्या." ताई म्हणाली, "तुझ्या पन."

तुळशीपुढे सतरंजी टाकली. घरच्या दोघी जावा, आई, सासू. सवाशिणी मोजल्या तर चार. ज्या लेकीचं वाण, तिला मोजायचं नाही, असं घरची बाई म्हणाली. मी पुढे झाले तर ती म्हणाली, "तू बस बाजूला, तुझं लगीन झालं की तुला मोजू." शेजारची बाई जत्रेत गेली होती. सगळ्याजणी ओट्याच्या टोकाला बसलेल्या आत्याकडे बघू लागल्या. ती पाठ फिरवून बसली होती.

कुणी तिला बोलावलं नाही. आईनेही नाही. आई सुगडांवरचं फडकं सोडत राहिली, हळूहळू, जणू गाठ सुटत नव्हती. शेवटी घरची बाई, जिला आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, वैतागून म्हणाली, "ओ आत्याबाई, या की. का तुमाला बोलवायला बेंजो वाजवू?"

ताई फिस्सकन हसली. सासूसुद्धा हसली. आत्या उठली, साडी झटकली आणि सतरंजीवर येऊन बसली. आईने तिला हळद-कुंकू लावलं. तिने ते लावून घेतलं, आईला लावलं, आणि मग म्हणाली, "मानाचं आमी इसरलो नाय हां."

"राहिलं ते राहिलं," आई म्हणाली. "चूक आमची. त्यात पोरीचं काय?"

आत्याने हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली. "पोरीचं काय नाय," ती म्हणाली.

पाचही जणींनी ताईच्या ओटीत सुगडं घातली. काळी साडी घरच्या बाईने उलगडून अंगणात सगळ्यांना दाखवली. आईला तेच हवं होतं. ताईने तिथेच ती खांद्यावर घेतली. मग आम्ही जिलेबी आणून खाल्ली. सकाळपासून आईच्या पोटात काही नव्हतं, तिने पाक बोटाने पुसून खाल्ला. मी आणि ताई जत्रेतल्या उंच पाळण्यात बसलो. वर गेल्यावर ताईने खोवलेला पदर सोडला आणि मला विचारलं, "शिकनं सोडनार नायस ना गो?" मी नाही म्हटलं. खाली येताना तिने पदर पुन्हा खोवला.

निघताना आईने सासूला सरळ विचारलं. "शिमग्याला धाडाल?"

"बघू."

"बघूबिघू नको. धाडा."

सासूने जरा विचार केला. "तुमच्या मालकास्नी येऊन बोलवू दे. बाईमानसानी केलेलं बोलावणं आमच्या म्हाताऱ्याला चालत नाय."

परतीच्या गाडीत आईला बसायला जागा मिळाली. मला वाटलं, रिकामी पाटी मांडीवर ठेवून ती झोपली. पण डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शेकोटीपाशी बसले होते. रात्री त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. आई त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "शिमग्याच्या आधी तुमाला पोरीच्या सासरी जायचंय. बोलावणं करायला."

वडील निखारे सारखे करत राहिले. "आज किंक्रांत. आज नवं काम काढू नये."

"हे नवं नाय. वैशाखापासनं पडून हाय."

वालाची एक शेंग फुटली, ती वडिलांनी काठीने माझ्याकडे ढकलली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "मुरबाडची पयली गाडी कितीला असते गो?"