दिवस बुडायच्या आत

गुणाबाईइतकी हट्टी बाई अख्ख्या निपाणीत शोधून सापडायची नाही. हे कौतुक नव्हे बरं का.

नवरा गेल्यापासून तिचे दोन नेम होते. लेक वृषभ घरी आल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, आणि दिवस बुडाल्यावर तर पाणीसुद्धा नाही. दुसरा नेम बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाणाऱ्या सगळ्याच बायकांचा. पहिला हिचा खास घरचा. दोन्ही एकत्र आले की काय व्हायचं? लेकाला उशीर झाला की आई उपाशी. वृषभ चिकोडीत नोकरीला. साडेपाचला सुटला की गाडी दामटत यायचा. "आई, तू जेवून घे की गं," म्हणायचा. "मला काय हुतंय," म्हणत ही ताट वाढून दारात बसायची. पोरगं आपल्यासाठी धावत येतं याचं तिला मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला!

दोन वर्षांमागं, ऐन उसाच्या हंगामात, ती गाडी वाटेतच राहिली. समोरून आलेल्या मालट्रकवर आदळली. वृषभ जागच्या जागी गेला. ट्रकवाला रवळू, नंदगडकडचा, डोकं फुटून आठ दिवस बेशुद्ध. बघितलं म्हणून पुढं येणारं कुणी नव्हतं. पण बघायला कशाला हवं हो कुणी? मोठ्या गाडीखाली लहान गाडी आली की चूक मोठीचीच, ही आपल्याकडची रीत. "डोळा लागला असणार मेल्याचा," लोक म्हणाले, आणि रवळूवर खटला उभा राहिला.

खरं काय ते एकट्या गुणाबाईला ठाऊक होतं. त्या घटकेला वृषभ तिच्याशीच फोनवर बोलत होता.

"आटप रं, सूर्य टेकला," ती म्हणाली.

"ह्यो उसाचा ट्रॅक्टर लई अडवालाय. ह्याला मागं टाकतो नि आलोच बघ."

त्यानंतर वृषभ बोलला नाही.

आठवडाभरानं तिनं हे पुतण्याला, अतुलला सांगितलं. जवळचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. भिंतीला भिंत घर. अतुलचा चेहरा उतरला. "काकू, हे परत तोंडातनं काढायचं न्हाय. गेलेल्या माणसावर बोट दाखवतीस? काढलंस तर माझ्या दारात येऊ नको. आणि लोक काय म्हणतील, आईनंच…" पुढचं बोलायची गरजच नव्हती. ती स्वतःला रोज तेच म्हणत होती.

मग ती गप्प राहिली. बाया यायच्या, ट्रकवाल्याचा उद्धार करायच्या, ही मान हलवायची. त्या गेल्या की घर आणखी खायला उठायचं. दुपारी चारलाच ती ओट्यापाशी उभी राहून चार घास गिळायची. कुणाची वाट बघायची नव्हती, म्हणून अन्नाला चवच उरली नव्हती.

चिकोडीच्या कोर्टात साक्षीला बोलावणं आलं तेव्हा अतुलच तिला घेऊन गेला. "मुलगा माझाच, एवढं सांग आणि खाली ये," त्यानं बजावलं.

तिनं रवळूला पहिल्यांदा तिथं पाहिलं. दोन वर्षं तिच्या मनात एक राक्षस होता. इथं तर जमिनीकडं बघत उभा असलेला वाळका माणूस. सरकारी वकिलांनी कानडीत विचारलं, तिनं कानडीत उत्तर दिलं. "झालं, या खाली," ते म्हणाले. तिनं कठडा धरून ठेवला.

"अजून हाय साहेब."

आणि फोन, ट्रॅक्टर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "घाई मीच केली." कारकून लिहीत राहिला.

बाहेर आली तर अतुल गाडी घेऊन निघून गेलेला. फोन केला, त्यानं कापला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आता तिचं या जगात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आवारातल्या बाकावर ती बसली. रवळू तिच्याकडं येताना दिसला. दोन वर्षं पोटात ठेवलंस म्हणून शिव्या देईल, तर निमूट ऐकून घ्यायच्या, असं तिनं ठरवलं.

तो समोर जमिनीवरच बसला.

"आक्का, खरं सांगा. मला वाचवायला बोललासा का?"

"न्हाय रं. झालं तेच सांगितलं."

"मला त्या दिवसाचं कायबी आठवत न्हाय," तो म्हणाला. "डोळा लागला, डोळा लागला, समदी म्हणाली. बायकू बी म्हणाली. मग मला बी तसंच दिसाय लागलं. आडवा पडलो की तेच. मी डोळं मिटलेला, आणि म्होरं तुमचा ल्योक. आज कबूलच करणार हुतो आक्का. वकिलाला सांगून ठेवलंतं."

गुणाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिला वाटत होतं, आपण नुसतं गप्प बसलोय. आपल्या गप्प बसण्यानं हा माणूस दोन वर्षं खुनी होऊन जगला, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती बाकावरून उतरून त्याच्यापुढं खाली बसली.

"हॉर्न वाजवत हुतास तू," ती म्हणाली. "फोनात ऐकलाय मी. आदळेपर्यंत हात काढला न्हाईस. तू जागा हुतास, बाबा."