बंदुकीविना त्रेसष्ट गोळ्या

१९९०च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कुवेतच्या शुवैख भागात एका गॅरेजमागच्या खोलीत शिशाच्या त्रेसष्ट गोळ्या ओतल्या गेल्या. बंदूक एकही नव्हती.

खोलीत आम्ही चौघे राहत होतो. गोळ्या ओतणारा गॅरेजचा रेडिएटर फिटर होता, सिंधुदुर्गातला, पन्नाशीचा. सगळे त्याला मामा म्हणत. मी तिथल्या गोदामात कारकून होतो. इराकी सैन्य शहरात येऊन तीन आठवडे झाले होते, मालक सौदीला निघून गेला होता आणि काम बंद होतं. काम नसलं की काही माणसं झोपतात, काही शूर होतात. मामा शूर झाला.

गावी त्याने ठासणीच्या बंदुकीने दोन रानडुकरं मारली होती. सुरुवातीला एकच होतं, ऑगस्टमध्ये दोन झाली. गोळ्या घरीच ओतायची तिकडे पद्धत, म्हणून त्याने इथेही साचा कोरला. शिसं म्हणून मोटारीच्या चाकांना लावतात ती वजनं घेतली. नुसत्या शिशाची गोळी खडबडीत येते, त्यात कथील हवं, असं त्याचं म्हणणं. कथील म्हणजे त्याच्या लेखी सोल्डर, रेडिएटरचे सांधे डागायचा धातू. त्याने आपल्या बाकाखाली सांडलेले सोल्डरचे थेंब खरवडून काढले. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा कपाटातल्या शिल्लक कांड्याही वितळवल्या.

"बंदूक खंय तरी गावतली," तो म्हणाला. "आधी गोळये होये."

शहरातल्या बनेद अल-गार भागात राहणारा एक एक्स-रे टेक्निशियन आमच्याकडे येत असे. मूळचा पुण्याचा. त्याने एक गोळी उचलून उजेडात धरली.

"वा मामा, सुपारीसारखी झालीय. आता फेकून मारणार की अडकित्त्याने कातरून वाटणार?"

"तुका काय कळता? तू हाडांचे फोटो काढ."

एवढी एक गोळी सैनिकांना सापडली असती तर चौघांनाही भिंतीशी उभं केलं असतं. हे मी मामाला सांगितलं. त्याने गोळ्या डालड्याच्या डब्यात भरून वर तांदूळ पसरले. यालाच तो बंदोबस्त म्हणे.

टेक्निशियनच्या बायकोला आठवा महिना चालू होता. तिच्या डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या. गॅरेजच्या मिनीबसने एकोणीस जणांनी शनिवारी इराकमधल्या बसऱ्याला आणि तिथून पुढे जॉर्डनला निघायचं ठरलं. चालकामागची सीट तिच्यासाठी ठेवली होती. पुढची गाडी कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी बस सुरू करून पाहिली. दहा मिनिटांत रेडिएटरखाली पाण्याचं थारोळं झालं. वरच्या टाकीचा सांधा उलला होता. मामासाठी हे रोजचं काम, अर्ध्या तासाचं. त्याने कपाट उघडलं आणि बंद केलं.

"मामा, सोल्डर?" टेक्निशियनने विचारलं.

मामा डालड्याच्या डब्याकडे बघत राहिला.

"सगळं?"

"माका काय म्हायत गाडी गळतली म्हणान?"

"अहो, तुम्ही रेडिएटर फिटर आहात!"

मामाने उपाय सांगितला. गोळ्या पुन्हा वितळवायच्या. कथील हलकं, ते वर येईल, साय काढतात तसं काढून घ्यायचं. चाळीस गोळ्या कढईत गेल्या. कथलाऐवजी वर करडी राख आली. ती त्याने चहाच्या चमच्याने काढून वाटीत जमवली. पुन्हा तापवली तरी राखच राहिली. मग कढईतलंच शिसं सांध्याला लावून पाहिलं. पितळेवर ते धरेना, मणी होऊन जमिनीवर पडलं. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस ते मणी वेचून परत लावत होता. दुपारी टेक्निशियन उठून चालत आपल्या इस्पितळात गेला.

एक्स-रेची दोन मशिनं सैनिकांनी उचलून नेली होती. दुरुस्तीच्या सामानाचा खण तसाच होता. संध्याकाळच्या आत तो परत आला. त्याच्या मोज्यात सोल्डरच्या बारीक तारेचं एक रीळ होतं, अंगठ्याएवढं. वाटेत दोन चौक्या लागल्या होत्या.

"एवढंच आहे," तो म्हणाला. "यात चूक झाली तर दुसरं नाही. आणि मामा, गोळी ओतायची नाही हं."

मामाने सांधा घासून लख्ख केला आणि तार पुरवून पुरवून लावली. त्याचा हात चांगला होता, हे नमूद केलं पाहिजे. रीळ संपलं तेव्हा सांध्याचा बोटभर भाग उरला होता. तिथे त्याने साबण आणि चिंधी दाबली.

गाडीत बसताना मामाच्या हातात तांदळाचा डबा होता. टेक्निशियनने तो काढून घेतला, वरचे तांदूळ पिशवीत ओतले आणि गोळ्यांसकट डबा गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकला. मी १९९१च्या उन्हाळ्यात कागदपत्रांसाठी शुवैखला परत गेलो तेव्हा पिंप आडवं पडलं होतं आणि आतल्या डब्याच्या तळाशी तेवीस गोळ्या चिकटलेल्या होत्या.

शनिवारी पहाटे बस निघाली. वाटेत दोनदा पाणी घातलं. सरहद्दीवरची सफवानची चौकी ओलांडल्यावर चालकाने गाडी कडेला घेतली. टेक्निशियन बायकोला पाणी देऊन खाली उतरला, रेडिएटरखाली वाकला आणि सांध्यावरून बोट फिरवलं. चिंधी ओली होती. तारेने जोडलेली जागा कोरडी होती.