ग्रीसमधली कोपी

माझ्या नवऱ्याला तंबूचं वेड आहे. पुण्यात पक्क्या घरात वाढलेल्या माणसाला कापडाखाली झोपण्यात कसलं सुख मिळतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणून मी सोडून देते. आम्ही दोघं जर्मनीत नोकरी करतो, तो एका कंपनीत आणि मी इस्पितळात नर्स. माझी आई पाटोद्याजवळच्या आमच्या गावातून पहिल्यांदाच आमच्याकडे आली, तेव्हा त्याने नकाशा पसरला आणि जाहीर केलं, "आईंना ग्रीस दाखवू. अथेन्सला गाडी भाड्याने घ्यायची, जुने किल्ले, देवळं बघत फिरायचं आणि मुक्काम तंबूत."

"तू झोप तंबूत," मी म्हटलं. "माझी आई झोपणार नाही."

माझं कारण त्याला माहीत होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही. माझ्या आईवडिलांनी ऊस तोडला. दसरा झाला की टोळीबरोबर साखर कारखान्याचा रस्ता धरायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत उघड्या रानात कोपीत राहायचं. कोपी म्हणजे चार बांबू, त्यावर उसाचं पाचट आणि वाकून शिरावं लागेल असं दार. वसतिगृहात जाईपर्यंत मीही त्यातच वाढले. नोकरी लागली तेव्हा वडील हयात नव्हते, पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. माझी आई यापुढे जमिनीवर झोपणार नाही. गावातल्या घरात मी आधी पलंग आणला, बाकीचं सामान मागून.

शेवटी तोडगा निघाला. ग्रीसमध्ये तंबूंच्या मैदानांवर लाकडी खोल्याही मिळतात. खोलीत आई आणि मी, बाहेर तंबूत नवरा.

आईची तोवरची सगळ्यात लांबची सहल म्हणजे बीडजवळचं कपिलधारचं देवस्थान. मला धाकधूक होती, पडक्या दगडांत तिला काय गोडी वाटणार! पण मायसीनीच्या किल्ल्यावर ती आमच्या पुढे चालत होती. तिथल्या दारावर दोन सिंहिणी कोरलेल्या आहेत, समोरासमोर उभ्या. त्यांची डोकी केव्हाच नाहीशी झालीत. आई खूप वेळ वर बघत उभी राहिली.

"डोकी गेली तरी राखण सोडली न्हाई बायांनी," ती म्हणाली.

किल्ल्याच्या पार टोकाला जमिनीच्या पोटात उतरणारा जिना आहे. पूर्वी बाहेरच्या झऱ्याचं पाणी तिथे आणून साठवत. नवरा वाटभर तिथल्या राजांच्या सोन्याबद्दल सांगत आला होता, पण पाण्याचं सांगितलं मात्र, आईचा चेहरा उजळला. मोबाइलच्या उजेडात थोड्या पायऱ्या उतरून तिने भिंतीवरून हात फिरवला. "सोन्यानाण्याचं राहू द्या जावईबापू," ती वर येऊन म्हणाली, "पाणी आणणारा राजा खरा. लई शहाणा माणूस." मग तिने त्या अंधाऱ्या भोकाला हात जोडले. आमच्या बीड जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचं अप्रूप शिकवावं लागत नाही. मला मात्र तिचंच अप्रूप वाटत होतं.

आमचा मुक्काम समुद्राला लागून, संत्र्यांच्या बागेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले होते आणि नवरा पाव आणायला. परत येऊन बघते तर तंबू गायब. तंबूच्या जागी गवताचा पिवळा चौकोन, आणि गाडीशेजारी करकचून बांधलेलं एक गाठोडं. त्यावर आई बसलेली, डोक्यावर पदर, पायांत चपला, निघायला तयार.

"आई, हे काय केलंस?"

"तांबडं फुटलं की बिऱ्हाड हलवायचं असतंय ना? जावईबापू गेलेले बघितले आन् घेतलं आवरून. आपल्यामुळं टोळीला कशापायी खोळंबा?"

आमचा मुक्काम दोन रात्रींचा होता, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात नवरा पाव घेऊन आला आणि तंबू चोरीला गेला असं समजून आ वासून उभा राहिला. शेजारच्या तंबूतलं म्हातारं जोडपं हसून हसून बेजार झालं. आईला चूक कळली तेव्हा तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग जावई-सासूने मिळून तंबू पुन्हा उभा केला. तो खुंट्या ठोकतोय, ती दोऱ्या ताणतेय, आणि वर त्याला सांगतेय, "दार वाऱ्याकडं न्हाई करायचं बाबा, धूर आत येतोय." धूर कुठला यायला, पण त्याने निमूटपणे दार फिरवलं.

तंबू उभा राहिल्यावर आई आत शिरली, पाय पसरून बसली, वरचं निळं कापड न्याहाळत राहिली आणि म्हणाली, "आज मी हितंच निजणार."

माझा पारा चढला. "मुळीच नाही. जन्मभर जमिनीवर झोपलीस तेवढं बास झालं. खोलीत गादी आहे."

"मला निजू वाटतंय."

"मला चालणार नाही."

आई तंबूतून बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली. वाटेत नवऱ्याने मला हळूच म्हटलं, "अगं, त्यांना हवंय तर..." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उरलेलं वाक्य गिळलं. माझ्या आईने माती अंगाला लागू न देता जगावं, एवढंच मला हवं होतं, आणि तीच माझ्या विरुद्ध उभी राहिली होती. मला रडायलाच येत होतं.

आम्ही निघालो होतो एपिडॉरसचं नाट्यगृह बघायला. डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांचं प्रचंड अर्धवर्तुळ आणि खाली मधोमध मातीचं गोल अंगण. त्या अंगणाच्या मध्यावर एक दगड आहे. तिथे उभं राहून हळू बोललं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं, म्हणून पर्यटकांची तिथे झुंबड असते. कुणी टाळी वाजवतं, कुणी कागद फाडतं. मी रागातच तडातडा वर चढले आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसले.

खाली नवरा आईला काहीतरी समजावत होता. मग ती त्या दगडावर जाऊन उभी राहिली. हिरवं नऊवारी लुगडं, एवढीशी बाई. आजूबाजूचे लोक आपोआप गप्प झाले. आईने मान वर करून मला शोधलं आणि चुलीपाशी बसून बोलावं तशा आवाजात बोलली.

"आयकू येतंय का गं?"

कानाशी बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं. मी हात हलवला.

"तू म्हणतीस जन्मभर जिमिनीवर निजलीस. आगं, मी कोपीत निजलेच कवा? पाठ टेकायची तवर उसाची गाडी भरायला हाक यायची. तू लहान होतीस, तुला काय म्हाईत. तुझा बाप म्हणायचा, एकदा कोपीत दिस उगवंस्तवर निजायचं, कुणी हाक मारायची न्हाई. त्याचं राह्यलं. माझं तरी होऊ दी."

तिचं बोलणं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना एक शब्दही कळला नव्हता. एवढ्या लोकांत ते फक्त मला कळलं होतं, आणि मी वर बसून हुंदके देत होते. उतरताना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. खाली येऊन मी तिला धरलं आणि म्हटलं, "झोप बाई, हवं तिथं झोप."

तिसऱ्या दिवशी आम्हाला सकाळी लवकर ऑलिंपियाला निघायचं होतं. ऊन संत्र्यांच्या झाडांवरून खाली उतरलं, शेजारच्या जोडप्याचा नाश्ता झाला, आमचा चहा दोनदा निवला. मैदानावरचा माणूस पाचोळा उडवायचं यंत्र घेऊन आला, त्याला मी हातवारे करून लांब पिटाळलं. नवरा गाडीची किल्ली घेऊन उभा होता. तंबूकडे बघत तो कुजबुजला, "हाक मारू का त्यांना?"

"खबरदार," मी म्हटलं, आणि तंबूच्या दाराशी मांडी घालून बसले. आत आई घोरत होती.