आमचं शनिवारचं जपानी मंडळ

किस्से गोळा करायला कोणी मुद्दाम निघत नाही, ते आपले आपण साठत जातात. मला वेल्समध्ये, कार्डिफला येऊन अकरा वर्षं झाली. इथल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की वरणभात संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "मेधा, तुझ्या जपान्यांचं काहीतरी सांग ना!" एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि घरी जायची वेळ झाली तरी मंदार, म्हणजे माझा नवरा, हातात कोट घेऊन दारातच उभा असतो.

"माझे जपानी" म्हणजे दर शनिवारी आमच्याजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये जमणारी तीस-चाळीस माणसं. मोठे सगळे जपानमधून स्वतः आलेले; त्यांच्या मुलांचा जपानीचा वर्गही तिथेच भरतो. कोणी चाळीस वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यांत इंजिनिअर म्हणून आलं, कोणी लग्न करून, तर कोणी शिकायला येऊन इथेच राहिलं. आणि त्यांच्यात मी एकटी पुण्याची! मी पुण्यात सहा वर्षं जपानी शिकले होते, मग एका सॉफ्टवेअर कंपनीत भाषांतराचं काम केलं. इथे आल्यावर लायब्ररीत त्यांची नोटीस दिसली आणि सरळ जाऊन उभी राहिले.

दारातच हारुको-सान भेटल्या. "सान" म्हणजे आपल्या "ताई" किंवा "राव"सारखं. हारुको-सान तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर, उंची जेमतेम पाच फूट आणि नजर हेडमास्तरणीची. मी माझ्या परीनं अतिशय नम्र जपानीत स्वतःची ओळख करून दिली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फार सुंदर बोलतेस गं! अगदी माझ्या आजीसारखं. इतकं शुद्ध हल्ली जपानमध्ये कोणी बोलत नाही!"

त्या भाषेत "ध" नाही. त्यामुळे त्या दिवसापासून मी "मेदा-सान" झाले. मेद म्हणजे काय हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मंदार मात्र तेव्हापासून मला दुसऱ्या नावानं हाक मारत नाही!

*

तोच हॉल रविवारी आमच्या मराठी मंडळाकडे असतो. हॉलची देखभाल करणारा गॅरेथ हा वेल्श माणूस, आणि वेल्श माणूस कोणाला लागेल असं सहसा बोलत नाही.

एकदा मी शनिवारच्या चहाचे कप पुसत होते, तेव्हा तो कौतुकानं म्हणाला, "हे सॅटर्डेचे लोक बघ. आले होते त्यापेक्षा हॉल जास्त स्वच्छ करून जातात. खुर्च्यांचे पायसुद्धा पुसतात! आणि संडेचे लोक..."

मी कप पुसायची थांबले.

गॅरेथनं बराच विचार केला. मग म्हणाला, "संडेच्या लोकांचं जेवण फार छान असतं."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मंडळात हे जसंच्या तसं सांगितलं. त्या रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. संध्याकाळी आमच्या पाच बायका आणि तीन नवरे खुर्च्यांचे पाय पुसत होते!

*

जपानी माणूस "नाही" म्हणत नाही. "जरा कठीण दिसतंय" म्हणाला की समजायचं, अशक्य आहे. "विचार करून बघतो" म्हणाला, तर विषय कायमचा संपला. पण हे इथल्या माणसाला कसं कळणार?

आमच्या मंडळाचे अध्यक्ष ओगावा-सान. कारखान्यात आयुष्य काढलेले, आता निवृत्त. हॉल कमिटीनं त्यांना विचारलं, शनिवारऐवजी मंगळवार घ्याल का? ते म्हणाले, "जरा कठीण दिसतंय." कमिटीनं लिहून घेतलं, थोडी अडचण आहे, पण तयार आहेत. पुढच्या पत्रात वेळही आली, मंगळवारी दुपारी दोन! मुलं शाळेत, आईबाप कामावर, मंडळात येणार कोण?

तातडीची मीटिंग बसली. दोन तास चालली. कमिटीला नकार द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण द्यायचा कोणी? शेवटी तीसही माणसं हळूहळू वळून माझ्याकडे बघायला लागली.

"मेदा-सान," ओगावा-सान खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही पुण्याच्या ना?"

मी तिथेच फोन लावला. "नाही जमणार," म्हटलं. "शनिवारच पाहिजे." बरोबर चाळीस सेकंद लागले. फोन ठेवला तर टाळ्यांचा कडकडाट! तेव्हापासून मंडळातर्फे नाही म्हणायचं अधिकृत खातं माझ्याकडे आहे. पुण्यात जन्मल्याचं इतकं सार्थक पुण्यातसुद्धा कधी झालं नव्हतं.

*

नवीन वर्षाला हे लोक वाफवलेला चिकट तांदूळ उखळात कुटून त्याचे मऊ गोळे करतात. त्याला म्हणतात मोची. पहिल्या वर्षी मी आईला फोनवर सांगितलं, "अगं, उद्या लवकर जायचंय. सगळ्यांनी मिळून मोची कुटायचाय."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग आई म्हणाली, "का गं? काय केलं बिचाऱ्यानं?"

खरी गंमत पुढे आहे. एक जण मोठा लाकडी हातोडा घालतो आणि दोन घावांच्या मधे दुसरा उखळात हात घालून गोळा फिरवतो. हे ऐकल्यावर हॉल कमिटीनं रिस्क असेसमेंटचा फॉर्म पाठवला. धोका कशापासून? ओगावा-साननी लिहिलं: हातोडा. इजा कोणाला होऊ शकते? त्यांनी लिहिलं: माझ्या पत्नीला. धोका टाळण्यासाठी काय उपाय योजले आहेत?

इथे ओगावा-सान तीन दिवस अडले. मग त्यांनी लिहिलं: "मी हातोडा मारतो आणि मिचिको गोळा फिरवते, याला पंचेचाळीस वर्षं झाली. पुरावा सोबत जोडला आहे." सोबत मिचिको-सानच्या दोन्ही हातांचा फोटो होता. दहाही बोटं पसरलेली!

त्यावर कमिटीच्या बाई स्वतः बघायला आल्या. दहा मिनिटं भिंतीला टेकून, श्वास रोखून उभ्या होत्या. ओगावा-सान मारतायत, मिचिको-सान फिरवतायत, कोणी कोणाकडे बघत नाहीये, तोंडानं फक्त "हा!", "हो!", "हा!", "हो!" मग बाईंनी हळूच कोट काढला आणि विचारलं, "मी एकदा मारून बघू?"

मिचिको-साननी हसत हसत हात उखळातून काढून घेतले. "जरूर मारा," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर मला पंचेचाळीस वर्षं झालेली नाहीत!"

*

हारुको-सान इथे आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. नवरा, आयव्हर, वेल्श. जहाजावर इंजिनिअर होता, योकोहामाला भेटला. लग्न करून इथे आल्या तर त्यांना हवा तसा तांदूळ कुठेच मिळेना. शेवटी किराण्याच्या दुकानात खिरीचा तांदूळ सापडला. इथे त्याला पुडिंग राइस म्हणतात, बुटका आणि चिकट, अगदी त्यांच्या तांदळासारखा! त्या तोच शिजवून मिठाच्या लोणच्याबरोबर रोज खायला लागल्या.

सासूबाईंनी हे पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं, "आमच्या सुनेला खीर इतकी आवडते की तिन्हीत्रिकाळ खाते. पण गुणी आहे बिचारी. दूध-साखर मागायला लाजते!"

त्यानंतर दर रविवारी कोणी ना कोणी शेजारीण हारुको-सानच्या दारात साखरेची पुडी ठेवून जायची. "वर्षभर मी साखर विकत आणली नाही," हारुको-सान सांगतात. "आणि माझ्याशी कोणी बोलत नाही असंही मला कधी वाटलं नाही."

*

एकदा एक तरुण शाळाशिक्षिका आली. गोरीपान, नाव एमिली. वर्गातल्या मुलांना जपानबद्दल सांगायचं होतं आणि त्यासाठी किमोनो नेसून बघायचा होता, पण ती दारातच घुटमळत होती. म्हणाली, "मी जपानी नाही. मला हे नेसायचा हक्क आहे का? कोणाच्या भावना दुखावणार तर नाहीत ना?"

हारुको-साननी तिला मधोमध उभं केलं. किमोनोचा एक पदर, दुसरा पदर, दोऱ्या, मग तो रुंद पट्टा. गुडघा तिच्या कमरेला टेकवून पट्टा असा काही आवळला की पोरीचे डोळेच मोठे झाले.

"हक्काचं आपण नंतर बघू," हारुको-सान म्हणाल्या. "आधी सांग, श्वास घेता येतोय का?"

*

तीन वर्षांपूर्वी हारुको-सानना स्ट्रोक आला. हात-पाय वाचले, पण एका रात्रीत इंग्लिश गेलं. पन्नास वर्षं बोललेली भाषा पार पुसली गेली, जपानी तेवढं उरलं.

मी हॉस्पिटलात पोचले तर त्यांचा मुलगा डॅनिएल पलंगाशेजारी बसला होता. पन्नाशीला आलेला, ब्रिस्टलला राहणारा, धिप्पाड माणूस. आई त्याच्याकडे बघून काहीतरी सांगत होती आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो लहान असताना शाळेत कोणीतरी सांगितलं होतं, "घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल." हारुको-साननी ते ऐकलं होतं.

"काय म्हणतेय ती?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, "जेवलास का, असं विचारतायत. चार वेळा विचारून झालं म्हणाल्या."

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. मीही हादरलेलीच होते. हारुको-सान जपानीत सांगत होत्या, मी भाषांतर करत होते, डॉक्टर मान हलवत लिहून घेत होते, पुढचं विचारत होते. असं पाच मिनिटं छान चाललं. मग नर्स हळूच म्हणाली, "सॉरी, पण ही कुठली भाषा चाललीये?"

मी थबकले. मी हारुको-सानचं सगळं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगत होते! माझं लक्ष डॉक्टरांच्या बिल्ल्यावर गेलं. वानखेडे.

"तुम्ही मला थांबवलं का नाही?" मी ओशाळून विचारलं.

"कशाले थांबवू, ताई?" डॉक्टर नागपुरी थाटात म्हणाले. "मस्त समजून राह्यलं होतं मले!"

हारुको-सान बऱ्या झाल्या. इंग्लिश हळूहळू निम्मंअर्धं परत आलं. पण डॅनिएल वाट बघत थांबला नाही. तो आमच्या शनिवारच्या मुलांच्या वर्गात येऊन बसला, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर, त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीला लावून. दर आठवड्याला ब्रिस्टलहून यायचा. वर्षाअखेरीस त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून जपानीत पाच वाक्यं म्हटली. पाचवं होतं, "आई, मी जेवलो."

हारुको-सान पहिल्या रांगेत बसल्या होत्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, "क्रियापद चुकलं त्याचं. पण आज सांगू नकोस!"

*

नोव्हेंबरात इथे गावोगावी युद्धात गेलेल्यांची आठवण काढतात. लोक कोटाला पॉपीचं लाल कागदी फूल लावून स्मारकापाशी उभे राहतात, नावं वाचली जातात, बिगुल वाजतो, मग दोन मिनिटं शांतता. कार्डिफबाहेरच्या ज्या लहानशा गावात ओगावा-सान राहतात, तिथेही हे होतं. ते तिथे दर वर्षी जातात आणि सगळ्यांच्या मागे, झाडाखाली एकटे उभे राहतात, हे मला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी मिचिको-सानचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांच्याऐवजी मी ओगावा-सानना गाडीनं घेऊन गेले.

त्यांच्याच गल्लीत मिस्टर प्रिचर्ड राहतात, वय पंच्याऐंशी. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत, बर्मात गेले. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. तीस वर्षांत ते ओगावा-सानशी एक शब्द बोलले नव्हते. समोरून आले की रस्ता ओलांडायचे, आणि ओगावा-सान त्यांच्या पाठीला वाकून नमस्कार करायचे.

त्या दिवशी नावं वाचायला अजून वेळ होता. मिस्टर प्रिचर्ड पहिल्या रांगेतून निघाले आणि काठी टेकत टेकत मागे आले. लोक वळून बघायला लागले. ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्ही दर वर्षी येता," ते म्हणाले.

"हो," ओगावा-सान म्हणाले.

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी. मी जन्मायच्या आधीच गेले."

"कुठे?"

ओगावा-साननी आधी स्मारकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बर्मात."

मिस्टर प्रिचर्डनी दोन्ही हात काठीवर ठेवले. मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं?"

"त्सुनेओ."

"सूनियो."

"त्सुनेओ," ओगावा-सान हळूच म्हणाले.

"टुसूनेयो."

"त्सु-ने-ओ."

मिस्टर प्रिचर्डनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं आणि मग मोठ्यानं, स्पष्ट म्हणाले, "त्सुनेओ."

"हो," ओगावा-सान म्हणाले. "आणि तुमच्या वडिलांचं?"

"ह्यू."

ओगावा-साननी ते नाव एकदाच उच्चारलं. बरोबर.

पुढे नावं वाचायला सुरुवात झाली. मिस्टर प्रिचर्ड पहिल्या रांगेत परत गेले नाहीत. बिगुल वाजला तेव्हा झाडाखालच्या त्या दोघांनीही टोप्या काढल्या.